‘उसका क्या निकल्या?’

तीन वर्षांपूर्वी अम्मीला लकवा मारला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, महिनाभरात बोलणंही परत आलं; पण हात लोंबकळतच राहिला. मग आमची फिजिओथेरपीची वारी सुरू झाली. एका मोठ्या कॉलेजच्या रुग्णालयात, रोज दोन रिक्षा बदलून.

त्या विभागाच्या व्हरांड्यात एक फळा होता. त्यावर येत्या काही महिन्यांत सुरू होणाऱ्या अभ्यासांची यादी चिकटवलेली. लकव्यानंतर हाताचे व्यायाम, गुडघेदुखी, मधुमेहातला बधिर पाय, सेरेब्रल पाल्सीची मुलं, दम्यासाठी श्वासाचे व्यायाम. विषय एकापेक्षा एक महत्त्वाचे. ज्यांच्यावर हे अभ्यास व्हायचे ती सगळी माणसं त्या फळ्याखालीच बाकावर बसलेली असायची. आणि फळा अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत.

एके दिवशी एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. गोड मुलगी. "मावशी, माझ्या प्रबंधात भाग घ्याल का?" असं म्हणून तिनं चार पानं पुढं केली. मराठीतली होती. मी वाचायला घेतली आणि दुसऱ्याच ओळीवर अडखळलो. 'सदर यादृच्छिक नियंत्रित अध्ययनात सहभागी होण्याबाबत मला अवगत करण्यात आले असून...' मी मराठीत लिहिणारा माणूस, आणि मला ते वाक्य दोनदा वाचावं लागलं. अम्मी तर घरात दखनी बोलते, उर्दू वाचते, मराठी बाजारापुरती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "ये मेरा इलाज है, क्या इसकी पढ़ाई?"

वैद्यकीय नीतिशास्त्राच्या पुस्तकांत या प्रश्नावर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. आपल्याला उपचार मिळतोय की आपल्यावर अभ्यास चाललाय, यात रुग्णाची गल्लत होते, आणि ती गल्लत दूर करणं संशोधकाचं काम असतं. माझ्या अम्मीनं ती गल्लत स्वतःच पकडली. विद्यार्थिनी मात्र गोंधळली. "दोन्ही," म्हणाली. उत्तर खरंच होतं. पण कुठं उपचार संपतो आणि कुठं अभ्यास सुरू होतो, हे तिला तिच्या शिक्षकांनीही कधी सांगितलं नसावं.

अम्मी तयार झाली. उर्दूत सही करणारी बाई, पण उजवा हात चालत नव्हता, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. साक्षीदार म्हणून त्याच विभागातल्या दुसऱ्या विद्यार्थिनीनं सही केली. आठ आठवडे अम्मी आरशासमोर बसली. लकव्याचा हात आरशामागे, चांगला हात पुढे. चांगला हलवायचा आणि आरशात बघत राहायचं, म्हणजे मेंदूला वाटतं दुसराही हलतोय. पोरींसारखी हसायची ती. आठ आठवडे संपले, मोजमाप झालं, कागद फाईलीत गेले. त्यानंतर आजतागायत आम्हाला कुणी काही कळवलेलं नाही.

या एका गोष्टीवरून मला दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे.

आधी आपल्या माणसांशी. अम्मीनं अंगठा दिल्याचं कळल्यावर मोहल्ल्यात काय काय ऐकलं! "गरिबाला उंदीर बनवतात." "आपल्याच लोकांवर प्रयोग करतात." एका मामूंनी तर जाहीर केलं की डॉक्टरनं 'संशोधन' शब्द उच्चारला की उठून घरी यायचं. हेच मामू रोज सकाळी मोबाईलवर पाठवतात की वैद्यकशास्त्र आम्हीच जगाला दिलं, अल-राझी आमचा, इब्न सीना आमचा. मामू, राझीनं काय केलं होतं ते माहीत आहे का? मेंदूच्या आवरणाला सूज येणाऱ्या आजारात त्यानं काही रुग्णांचं रक्त काढलं आणि काहींचं मुद्दाम काढलं नाही, दोन्ही गटांत फरक पडतो का हे पाहण्यासाठी. आपल्या 'किताब अल-हावी'त त्यानं ते नोंदवलं आहे. रक्त काढणं उपयोगी आहे हा त्याचा निष्कर्ष पुढं चुकीचा ठरला. पण दोन गट करून ताडून पाहायची रीत टिकली, आणि आजच्या कित्येक क्लिनिकल ट्रायल त्याच रीतीनं चालतात. राझीच्या नावानं छाती फुगवायची आणि राझीची रीत समोर आली की पळायचं, हा दांभिकपणा आहे.

त्याची किंमतही आपणच मोजतो. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात गोवर पसरला आणि लेकरं दगावली. कोरोनाच्या काळात लसीकरणाची घडी विस्कटली होती, वस्त्यांत दवाखाने अपुरे आहेत, हे सगळं खरं. पण 'ही लस आपल्यासाठी नाही' ही कुजबुजही तितकीच खरी होती. अफवेनं वाचलेलं एकही मूल मी पाहिलेलं नाही.

आणि 'उंदीर' हा शब्द मला आणखी एका कारणासाठी नको आहे. गरिबांनी अभ्यासात भाग घेऊन जगाला काय दिलं, ते तो शब्द पुसून टाकतो. १९५६ साली मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला. तोवर क्षयरोग म्हणजे सॅनिटोरियम, हे ठरलेलं. आपल्याकडं मिरजेजवळचं वानलेसवाडी, पाचगणीचं बेल-एअर ही नावं जुन्या माणसांना आठवतील. मोकळी हवा, चांगलं अन्न, पूर्ण विश्रांती. पण देशात क्षयरोगी अफाट आणि खाटा मूठभर. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, ब्रिटनची मेडिकल रिसर्च काउन्सिल आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून शहरातल्या दाटीवाटीच्या वस्त्यांतले सुमारे दोनशे गरीब रुग्ण घेतले. निम्मे सॅनिटोरियममध्ये, निम्मे स्वतःच्या घरी. औषधं दोघांना तीच. १९५९ मध्ये निकाल आला. अर्धपोटी, एका खोलीत कुटुंबासह राहणारे घरचे रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले आणि घरातल्यांना लागण होण्याचा धोका त्यामुळं वाढला नाही. त्या निकालानं जगभरातले क्षयाचे उपचार बदलले. आज टीबीचा रुग्ण घरी राहून गोळ्या घेतो, तो मद्रासच्या त्या दोनशे माणसांच्या जिवावर. त्यांना उंदीर म्हणायची माझी तरी जीभ रेटत नाही.

आता दुसरी बाजू. डॉक्टरसाहेब, प्राध्यापकसाहेब, मामूंच्या मनात हा संशय आला कुठून? हवेतून नाही आला.

२००९-१० मध्ये आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातच्या वडोदऱ्यात सुमारे २४ हजार मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि २०१० मध्ये तो थांबवला गेला. चौकशीत ते मृत्यू लसीमुळं झाल्याचं आढळलं नाही. पण दुसरंच बाहेर आलं. कित्येक मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं २०१३ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती. जगानं ती स्वीकारली आहे. बदनाम ती झाली संमतीच्या चोरीमुळं. आईबापाला विचारायला जो अर्धा तास लागला असता, तो वाचवण्यासाठी एका चांगल्या लसीवरचा भरवसा घालवला गेला.

"आमच्या रुग्णांना समजत नाही हो," हे उत्तर मी किती तोंडांतून ऐकलंय! समजत नाही, कारण तुम्ही समजेल असं बोलत नाही. 'यादृच्छिक' म्हणू नका, 'चिठ्ठी टाकून गट ठरवू' म्हणा. भिशीत चिठ्ठी निघते हे खेड्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. 'प्लासिबो' म्हणजे 'दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी'. 'सहभाग ऐच्छिक' म्हणजे 'नाही म्हणालात तरी तुमचा नेहमीचा इलाज थांबणार नाही, आणि मधेच सोडलात तरी कुणी रागावणार नाही'. हे शेवटचं वाक्य तर प्रत्येक रुग्णाला तोंडी सांगायला हवं. सरकारी दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या माणसाला डॉक्टरला 'नाही' म्हणायची भीती वाटते. तो 'हो' म्हणतो तेव्हा त्यातलं किती 'हो' संमतीचं आणि किती भीतीचं, हे तपासायला कुठलं यंत्र नाही.

ही माझी हौस नाही, कायदा आहे. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमांनुसार माहिती तोंडीही द्यायची असते आणि लेखीही. तांत्रिक नसलेल्या, रुग्णाला कळेल अशा भाषेत. वाचता न येणाऱ्यासाठी संमतीच्या सगळ्या बोलण्याच्या वेळी तटस्थ साक्षीदार हजर हवा. कागदाची प्रत रुग्णाला मिळायला हवी. हे नियम औषधांच्या चाचण्यांचे. पण व्यायामाच्या अभ्यासालाही संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत आणि या बाबतीत त्यांचा सूर तोच आहे. शेजारच्या टेबलावरची वर्गमैत्रीण तटस्थ कशी, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. प्रत तर आम्हाला मिळालीच नाही.

मी जाणूनबुजून छोटं उदाहरण घेतलंय. परदेशी कंपनीची औषध चाचणी असली की वर्तमानपत्रं जागी होतात. पण देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांच्या नोंदीही मोठ्या संख्येनं असतात. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथं पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. फार चांगली सुधारणा. आधी जाहीर केलं की नकोसा निकाल गुपचूप गाडून टाकता येत नाही. पण ती नोंदवही इंग्रजीत आहे, व्हरांड्यातल्या फळ्यासारखी. ज्याच्या शरीरावर अभ्यास, त्याच्या भाषेत त्याचा पत्ता नाही.

पण भाषेचा प्रश्न सुटला तरी एक मोठा प्रश्न उरतो. निघालेलं ज्ञान जातं कुठं?

तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका. गावांचे चार गट: एकात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून तपासणी, आणि चौथ्यात तपासणी नाही, फक्त माहिती आणि हवं तर रुग्णालयात या असा सल्ला. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चाचणीच्या गटात ३४ मृत्यू, तपासणी नसलेल्या गटात ६४.

त्या चौथ्या गटावरून पुढं बराच वाद झाला. संशोधकांचं म्हणणं असं की देशात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता, त्यामुळं 'तपासणी नाही' हीच इथली नेहमीची सेवा होती. तर्क म्हणून ते बरोबर असेल. पण त्याचा अर्थ नीट ऐका. सरकारनं तुम्हाला काहीच दिलेलं नाही, म्हणून तुमच्यासाठी 'काहीच नाही' हेच प्रमाण. अमेरिकेतल्या बाईला त्या गटात टाकता आलं नसतं. उस्मानाबादच्या बाईला टाकता आलं. मी त्या डॉक्टरांना खलनायक म्हणणार नाही. त्यांनी गावोगाव जाऊन जे काम केलं ते सोपं नव्हतं, आणि त्यातून जगाला खरंच काही मिळालं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यांत आपल्या या बायका आहेत.

मग आपल्याला काय मिळालं? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आयुष्यात एकदाही झालेल्या किती? १.९ टक्के. शंभरात दोनही नाहीत. उस्मानाबादचा निकाल येऊन तेव्हा दहा वर्षं उलटली होती. पुरावा आमच्या अंगणात उगवला आणि सावली दुसऱ्यांच्या अंगणात पडली.

निकाल परत न येण्याचं नुकसान किती बारीक असतं, ते मला अम्मीच्या आजारपणात कळलं. लकव्यानंतर रुग्णालयातून घरी सोडताना आम्हाला सांगितलं गेलं, "व्यायाम घरच्यांनी करून घ्या, सुनेला शिकवून ठेवतो." माझ्या बायकोनं सहा महिने स्वतःची कंबर मोडून ते केलं. अम्मीच्या हाताला फारसा फरक पडला नाही तेव्हा तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. नंतर माझ्या वाचनात आलं की नेमक्या याच प्रश्नावर भारतातच मोठा अभ्यास झालाय. 'अटेंड' नावाचा, १४ रुग्णालयांत, १२५० रुग्णांवर. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला. घरच्या माणसाला शिकवून त्याच्याकडून व्यायाम करून घेतलेला एक गट, नेहमीच्या सेवेचा दुसरा. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेले रुग्ण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के. व्यायाम निरुपयोगी असा याचा अर्थ नाही. घरच्यांवर भार टाकून पुनर्वसनाची सेवा उभी राहत नाही, असा आहे. १२५० कुटुंबांनी सहा-सहा महिने देऊन मिळवलेलं हे उत्तर. ते आम्हाला कुणी सांगितलं असतं, तर माझ्या बायकोनं स्वतःला दोष देत रात्री जागवल्या नसत्या, आणि आम्ही जिल्ह्याला पुरेसे फिजिओथेरपिस्ट का नाहीत म्हणून भांडलो असतो.

डॉक्टरांच्या जागतिक संघटनेनं १९६४ मध्ये हेलसिंकीत संशोधनाची नीती मांडली. त्या जाहीरनाम्यात आज स्पष्ट लिहिलंय की अभ्यासात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला निकाल जाणून घेण्याचा पर्याय दिला पाहिजे. २०२४ च्या आवृत्तीत तर 'सब्जेक्ट' हा शब्द जाऊन 'सहभागी' आला. शब्द बदलला, छान झालं. आता वागणं बदला.

फळ्यावर जे नवे अभ्यास लागणार आहेत, त्यांच्याकडून माझ्या मागण्या फार नाहीत. फळा मराठीत करा, आणि जिथं उर्दू, अहिराणी, गोंडी बोलणारे रुग्ण येतात तिथं त्यांच्या बोलीत तोंडी सांगायला माणूस ठेवा. संमतीपत्र मंजूर करण्याआधी विभागातल्या सफाई कामगार मावशींना वाचून दाखवा. त्यांनी उलटून नीट सांगितलं तरच ते चालेल. साक्षीदार बाहेरचा घ्या. अभ्यास यशस्वी झाला तर तो उपचार या दवाखान्यात पुढं कोण देणार, हे सुरू करण्याआधी लिहा. आणि संपल्यावर निकाल त्याच फळ्यावर लावा, चार ओळींत; 'फरक पडला नाही' असा निकाल असला तरी. विद्यार्थ्याला पदवी देण्याआधी ही अट घाला. एका पानाचा खर्च आहे.

आणि आपल्या माणसांकडूनही मागणं आहे. २०१९ च्या नियमांनुसार नीतिसमितीत किमान सात जण लागतात आणि निम्मे तरी संस्थेबाहेरचे. एक सामान्य नागरिक, एक स्त्री, एक कायदा जाणणारा, आणि एक समाजशास्त्रज्ञ, सामाजिक संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ किंवा धर्मशास्त्राचा जाणकार. म्हणजे मौलानासाहेबांनासुद्धा त्या टेबलावर खुर्ची मिळू शकते. खुत्ब्यात डॉक्टरांना दोष देण्याऐवजी ती खुर्ची मागा. वस्तीतल्या एखाद्या शिक्षिकेला, आशाताईला तिथं पाठवा. नकार द्यायचा तर प्रश्न विचारून द्या: दुसरा गट काय घेणार? अपाय झाला तर खर्च कुणाचा? निकाल कधी सांगणार? उत्तरं पटली तर बेधडक 'हो' म्हणा. पुढच्याचा लकवा बरा व्हायला कुणीतरी आज आरशासमोर बसायलाच हवं.

मध्यंतरी मी त्या विभागात विचारायला गेलो होतो. ती विद्यार्थिनी उत्तीर्ण होऊन गेली होती. "प्रबंध जमा झालाय, लायब्ररीत असेल," असं सांगण्यात आलं. लायब्ररीत बाहेरच्यांना प्रवेश नाही. घरी आल्यावर अम्मीनं विचारलं, "वो आरसेवाला, उसका क्या निकल्या?" मी गप्प बसलो.

गेल्या महिन्यात तिचा गुडघा दुखायला लागला म्हणून पुन्हा तिथंच गेलो. पुन्हा एक नवी मुलगी चार पानं घेऊन आली. "मावशी, माझा अभ्यास आहे गुडघेदुखीवर..."

अम्मीनं पानं हातात घेतली, डाव्या. तिच्याकडं बघून हसली आणि म्हणाली, "पैले पिछलेका बोल बेटी, फिर अंगूठा देती मैं."